बांधावरच्या सहा शेळ्या

पत्र: मी चिंचवडला कंपनीत कामाला आहे. खटाव तालुक्यात वडिलोपार्जित चार एकर रान आहे. विहिरीला मार्चअखेरपर्यंत पाणी असतं. वडील गेल्यापासून तीन वर्षं रान पडीक आहे आणि ते बघवत नाही. १०० शेळ्या आणि ५ बोकडांचं बंदिस्त शेड टाकावं, बँकेचं कर्ज आणि अनुदान घ्यावं, एक जोडपं महिना १४,००० रुपयांवर रानात ठेवावं, असा विचार आहे. कॅमेरे बसवीन, पंधरा दिवसांनी चक्कर मारीन. गावातला चुलतभाऊ लक्ष ठेवायला तयार आहे. एका शेळीला वर्षाला तीन करडं धरली तर हिशोब चांगला बसतो. बोकड बोअर या परदेशी जातीचा घ्यावा का? आणखी एक, शेजारच्या वस्तीवरच्या मावशी त्यांच्या सहा शेळ्या आमच्या बांधानं चारतात. शेड झाल्यावर ते बंद करावं लागेल, त्यांना कसं सांगावं?

उत्तर: तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ शेवटची आहे. त्या मावशींना काहीही सांगून बंद करू नका. तुम्हाला ज्या माणसाची गरज आहे ते माणूस रोज तुमच्या बांधावरून चालतंय. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, आधी तुमचा हिशोब पाहू.

शेळी पाच महिने गाभण असते. व्यायल्यावर दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा लागली, म्हणजे गाभण राहिली, तर दोन वर्षांत तीन वेतं मिळतात. उस्मानाबादी ही आपल्याकडची जात जुळी देते, पण प्रत्येक वेळी नाही. सरासरी दीड-पावणेदोन करडं धरावीत. कागदावर हे वर्षाला अडीचच्या आसपास जातं, आणि तेही माज (शेळी फळायची वेळ) वेळेवर ओळखला, बोकड तयार होता, एकही शेळी गाभडली नाही तर. त्यात करडं दगावतात. मालक घरचा असेल तर शेकडा दहा-पंधरा, पगारी माणसावर सोडलं असेल तर पहिल्या वर्षी पंचवीस-तीस धरून चाला. करडू बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यात मरतं आणि बहुतेक वेळा रात्री.

१०० राहू द्या, २० शेळ्यांचा हिशोब मांडू. वर्षाला २६ वेतं, ४२ करडं. चौथा हिस्सा गेला, उरली ३१. चार पाठी (मादी करडं) कळपात ठेवल्या, विकायला २७. प्रत्येक २० किलोची आणि जिवंत वजनाला किलोमागे ४०० रुपये धरले तर २,१६,००० रुपये. आता खर्च. जोडप्याचा पगार १,६८,०००. शेळीला चाऱ्याशिवाय दिवसाला २०० ग्रॅम खुराक (भरडा-पेंड) म्हणजे वर्षाला १,४६० किलो, करडांना १५० ग्रॅमप्रमाणे पाच महिने म्हणजे सुमारे ७०० किलो. २८ रुपये भावानं हे ६०,००० होतात. लस, औषध, विमा १५,०००. एकूण २,४३,०००. वर्षाला २७,००० रुपये तोटा, आणि यात सुकी वैरण, वीज, कर्जाचा हप्ता, तुमचं येणंजाणं काहीच धरलेलं नाही. भाव तुमच्याकडचे घालून पुन्हा मांडा, चित्र फार बदलणार नाही.

यावर तुम्ही म्हणाल, म्हणून तर १००. आकडा वाढला की पगार शेळीमागे विभागून कमी होतो, हे खरं. पण १०० शेळ्या म्हणजे वर्षाला सव्वाशेवर वेतं, आठवड्याला दोन-तीन. त्याच दोन माणसांनी झाडलोट करायची, चाऱ्याची कुट्टी करायची, खुराक द्यायचा आणि रात्री उठून अडलेली शेळीही बघायची. ज्यांनी कधी २० शेळ्या सांभाळल्या नाहीत त्यांना १०० झेपत नाहीत. त्यात १०५ जनावरं एका मोसमात गोळा करायची तर ती पाच-सहा बाजारांतून येणार, आणि प्रत्येक बाजारातून काहीतरी रोग घेऊन येणार. राष्ट्रीय पशुधन अभियानात १००+५ च्या गटाला १० लाखांपर्यंत, खर्चाच्या निम्मं अनुदान आहे, हे खरं आहे. पण ते दोन टप्प्यांत, कामाची पाहणी होऊन येतं आणि बँकेचा हप्ता तेवढा वेळ थांबत नाही. अनुदानाच्या मापाचा कळप करू नका. दोन वर्षं शेळ्या टिकवून दाखवल्यावर ती योजना तुमच्या उपयोगाची.

आता मुख्य गोष्ट. शेळी आजारी पडते तेव्हा ती ओरडत नाही. चरताना जरा मागे राहते, संध्याकाळी बसल्यावर रवंथ करत नाही, लेंडी सुटी न पडता गोळा पडते, खुराक घातल्यावर पुढे येत नाही. हे दिसल्यावर त्याच दिवशी हालचाल झाली तर शेळी वाचते. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला तर बहुतेक वेळा मेल्याचाच असतो. हे बघणारी नजर कॅमेऱ्याला नाही. पगारी माणसाला असली तरी रात्री अकरा वाजता अंथरुणातून उठायचं कारण त्याला नाही, कारण करडू मेलं तरी त्याचे १४,००० तसेच राहतात. दूर राहणाऱ्या मालकाचे कळप औषधाअभावी कमी आणि या कारणानं जास्त बसतात. म्हणून जो सांभाळतो त्याचा त्या करडात वाटा हवा.

आपल्याकडे याची रीत जुनी आहे: शेळ्या अर्धलीनं द्यायच्या. शेळी तुमची, सांभाळ त्यांचा, होणारी करडं निम्मी निम्मी. त्या मावशींकडे सहा शेळ्या आहेत, म्हणजे वेत कसं काढायचं, चीक कधी पाजायचा, कुठल्या बांधावर काय चारायचं हे त्यांना शिकवावं लागणार नाही. एवढंच आधी विचारा: घरातली माणसं ऊसतोडीला जातात का, गेली तर दिवाळीनंतर मार्चपर्यंत वस्तीवर कोण असतं? त्यांची किती करडं गेल्या वर्षी जगली? रात्री शेळ्या कुठे कोंडतात? जाऊन तो कोंडवाडा बघा. जमीन कोरडी असेल आणि शेळ्यांच्या अंगावर तकाकी असेल तर पुढचं बोलणं करा.

सुरुवात दहा शेळ्यांनी. त्यांच्या सहा आणि तुमच्या दहा, सोळा शेळ्या एका घराला झेपतात.

करार तोंडी नको. पाचशेच्या मुद्रांकावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. अविश्वास आहे म्हणून लिहायचं, असं नव्हे. दोन वर्षांनी कोण काय बोललं होतं हे दोघांनाही आठवत नाही आणि भांडणं तिथेच लागतात. प्रत्येक शेळीचा कानातला बिल्ला नंबर आणि दोन्ही बाजूंचे फोटो कराराला जोडा. मूळ शेळ्या कायम तुमच्या. एखादी रोगानं मेली तर वाटणी करण्याआधी एक पाठ तिच्या जागी राखायची, म्हणजे दहाचा आकडा दहाच राहतो. करडांची वाटणी चार महिन्यांनी. त्याची न्याय्य रीत अशी की एकानं सारख्या वजनाच्या जोड्या लावायच्या आणि दुसऱ्यानं प्रत्येक जोडीतलं एक उचलायचं. जोड्या मावशींना लावू द्या, पुढच्या वेळी तुम्ही लावा. लस, औषध, विमा आणि शेळ्यांचा खुराक तुमच्याकडे. चारणं, झाडणं, हिरवा चारा कापणं त्यांच्याकडे. करडांचा खुराक निम्मा निम्मा. दूध पहिले दोन महिने करडांचंच, नंतरचं त्यांच्या घरी. लेंडीखत तुमच्या चाऱ्याच्या वाफ्यांना. शेळी मेली तर त्याच दिवशी फोन आणि बिल्ल्यासकट व्हिडिओ. खबर न देता हरवली किंवा विकली गेली तर निम्मी किंमत त्यांच्या वाट्यातून. रोगानं मेली तर त्यांच्यावर काहीही नाही, हेही स्पष्ट लिहा, नाहीतर भीतीनं आजार लपवला जातो.

एक कलम बहुतेक लोक विसरतात: मावशींच्या सहा शेळ्यांचंही लसीकरण आणि जंतनिर्मूलन तुमच्या खर्चानं, त्याच दिवशी. कळप एकत्र चरणार आहे. रोग मालक बघून येत नाही. सहा शेळ्यांचा हा खर्च वर्षाला एका करडाच्या किमतीएवढाही होत नाही.

सांभाळणारा उद्या कुळ म्हणून जमिनीवर हक्क सांगेल, अशी जी धास्ती तुमच्या मनात असेल (बाहेर राहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ती असते) तिचं उत्तर करारातच ठेवा. १९४८ च्या कुळ कायद्याच्या कलम ४ मध्ये पिकाच्या वाट्यावर जमीन कसणारा आणि पैशावर राबणारा मजूर यांत फरक केलेला आहे. म्हणून वाटा फक्त करडांचा ठेवा, रानातल्या पिकाचा देऊ नका. चारा तुम्ही लावता, त्याची मजुरी तुम्ही देता, असं लिहा आणि मजुरी खात्यावर द्या. ई-पीक पाहणी (मोबाईलवरची पिकाची नोंद) दर हंगामाला स्वतः शेतात उभं राहून करा, म्हणजे सातबाऱ्यावर तुमची नोंद चालू राहते. कराराचा मसुदा वडूजच्या एखाद्या वकिलाला एकदा दाखवून घ्या.

चुलतभावाला देखरेखीला ठेवू नका. वाटा नाही, पगार नाही, पण बोलायचा अधिकार आहे, अशा माणसामुळे सांभाळणारा कंटाळून जातो आणि तुमच्या घरातलं नातंही बिघडतं. त्याला एकच काम सांगा: डॉक्टरला गाडीवरून वस्तीवर आणायचं असेल तेव्हा जायचं. पेट्रोलचे पैसे आधीच देऊन ठेवा.

आता हिशोब. दहा शेळ्या, १३ वेतं, २१ करडं, १७ जगली, एक राखली, उरलेल्या १६ पैकी आठ तुमची. ६४,००० रुपये. खुराक, लस, विमा आणि करडांच्या खुराकाचा निम्मा खर्च मिळून तुमचे ३४,००० जातात. ३०,००० उरतात. खरेदीला शेळीमागे ९,००० धरले तर भांडवल ९०,००० आणि बोकड १२,००० चा. चिंचवडहून दीडशे किलोमीटर येण्याजाण्याचा खर्च यात धरलात तर पहिल्या वर्षी हातात काही राहणार नाही, हे आत्ताच मान्य करून सुरुवात करा. पण तोटा नाही, कर्ज नाही, आणि त्या घरी ६४,००० रुपये जातात, म्हणून ते घर तुमच्या शेळ्या सोडत नाही. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या वस्तीवर आणखी दहा, मग तिसऱ्या. वेगवेगळ्या घरी असलेले तीन लहान कळप एका शेडातल्या तीस शेळ्यांपेक्षा सुरक्षित, कारण एका कळपात रोग शिरला तर दोन वाचतात.

शेडवर फार लिहिण्यासारखं नाही. वडिलांचा गोठा असेल तर तोच नीट करा. शेळीला छताखाली १० ते १२ चौरस फूट आणि त्याच्या दुप्पट मोकळी जागा लागते. लांबी पूर्व-पश्चिम, खाली मुरूम, भोवती पाच फूट जाळी. प्लॅस्टिकच्या फळ्यांचा उंच मजला कोकणासारख्या पावसात उपयोगाचा, माण-खटावात तो पैसा वाया. करडांसाठी एक कोपरा असा करा की फट इतकीच ठेवायची, करडू आत जाईल आणि शेळी जाणार नाही. त्यांचा खुराक तिथे ठेवला की मोठ्या शेळ्या तो खात नाहीत.

खरेदी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा. पावसाळ्यात प्रवास करून आलेली शेळी न्यूमोनियानं जाते. लोणंद, म्हसवडचे बाजार जरूर फिरून या, रुमालाखाली बोटांनी चाललेले सौदे बघा, भाव कळतील, पण पहिले दहा नग बाजारातून घेऊ नका. आसपासच्या गावांत शेळ्या राखणाऱ्यांच्या दारात जाऊन घ्या, कळपात उभी असतानाच बघा. दोन दाती ते चार दाती, एक वेत झालेली. दोन्ही सड पिळून धार बघा, कास तळहातात धरून गाठ आहे का पाहा. बाजारात सकाळपासून न पिळता कास तटतटीत दाखवतात, मीठ-पाणी पाजून पोट भरल्यासारखं करतात. वजनाचा अंदाज टेपनं घ्या: पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर २८, लांबी २६ असेल तर जवळपास ३१ किलो. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे, तेव्हा बिल्ला पाहूनच पैसे द्या. बोकडासाठी पुण्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या दहिवडी प्रक्षेत्रावर चौकशी करा, तुमच्यापासून ते जवळ आहे.

आणलेल्या शेळ्या २१ दिवस मावशींच्या कळपापासून वेगळ्या बांधा. पाण्याचं भांडंही वेगळं. या तीन आठवड्यांत जंताचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त, आणि ताप नसेल तर पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस. हे दिवस वाचवावेसे वाटतात, कारण दोन ठिकाणी चारा घालावा लागतो. पण नवी शेळी अंगात रोग घेऊन आलेली असेल तर तो याच दिवसांत बाहेर पडतो.

पीपीआरची लस तीन-चार महिन्यांच्या करडापासून पुढे सगळ्यांना, तीन वर्षांतून एकदा. आंत्रविषाराची दर वर्षी मेमध्ये, पाऊस पडायच्या आधी. पहिल्यांदा देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस. हा रोग धष्टपुष्ट करडाला धरतो. पहिल्या पावसावर उगवलेलं कोवळं गवत ते पोटभर खातं आणि सकाळी मेलेलं सापडतं, उपचाराला वेळच मिळत नाही. लाळ्या-खुरकत सहा महिन्यांनी, घटसर्प पावसाळ्याआधी. सगळ्या एकाच दिवशी टोचू नका, दवाखान्यातून अंतर ठरवून घ्या, आणि आधी जंताचं औषध देऊन मग लस. पीपीआरची लस विरघळवल्यावर बर्फावर ठेवून दोन तासांत संपवायची असते. बर्फाची पेटी नसताना खिशातून आलेली कुपी टोचून घेतली तर नोंदवहीत लस दिसते, अंगात काहीच नसतं. दूर राहणाऱ्या मालकाच्या बाबतीत हे फार होतं, म्हणून लसीच्या दिवशी रजा काढून स्वतः हजर राहा. वर्षातून तीन-चार दिवसांचा प्रश्न आहे.

जंताचं औषध सगळ्यांना अंदाजानं एक-एक झाकण पाजू नका. कमी मात्रा गेली की जंत मरत नाहीत, उलट त्या औषधाला निर्ढावतात. ताणकाट्याला पोतं अडकवून वजन करा आणि डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा वजनावर काढा. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात देऊ नये. गोगलगायी असलेल्या ओढ्याकाठी चरत असतील तर यकृतातल्या चपट्या कृमींचं औषध वेगळं असतं, म्हणून वर्षातून दोनदा लेंडीची तपासणी करून घ्या.

पोटफुगी ही दुसरी घाई. ओला लसूणघास, लग्नातलं उरलेलं जेवण, पोत्यातलं सांडलेलं धान्य, ही नेहमीची कारणं. डावी कूस ढोलासारखी वाजते. ओल्या चाऱ्यानं फुगली असेल तर पन्नास ते शंभर मिली गोडेतेल गालाच्या कोपऱ्यातून हळूहळू पाजायचं, मान वर न उचलता, कारण मान उचलली की तेल फुफ्फुसात जातं. धान्य किंवा शिजलेलं अन्न खाल्लं असेल तर तेलानं भागत नाही, थेट डॉक्टर. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर गोठ्याच्या खांबावर मोठ्या आकड्यांत रंगवून ठेवा, जवळच्या दवाखान्याचाही.

तुमची पंधरा दिवसांची चक्कर. दुपारी बाराला येऊन चहा घेऊन चारला निघालात तर काहीच दिसणार नाही, कारण त्या वेळी शेळ्या रानात असतात. शनिवारी दिवेलागणीच्या आत पोहोचा आणि मुक्काम करा. शेळ्या आत येताना दारात उभे राहा, एकेक मोजा, कोण लंगडतंय, कोण शेवटी येतंय ते बघा. रात्री जेवण झाल्यावर कोंडवाड्यात जा आणि गुडघ्यावर बसून वास घ्या. तुम्ही उभे असता तिथे वास येत नाही, शेळी ज्या उंचीवर श्वास घेते तिथे डोळ्यांत चुरचुरलं तर खालचा थर ओला आहे. तो काढून चुना मारायचा. त्याच अंधारात पाच मिनिटं गप्प बसा. खोकला ऐकू येईल, रवंथाचा आवाजही येईल. सकाळी सोडण्याआधी प्रत्येक शेळीची खालची पापणी अंगठ्यानं ओढा. आतला रंग लालसर गुलाबी असेल तर ठीक, फिका झाला असेल तर जंत, पांढरा असेल तर ती शेळी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायची. जबड्याखाली पाणी भरल्यासारखी थैली लोंबत असेल तरीही तेच. कानांमागे गोचीड, खुरांच्या बेचक्यात वास, कास तळहातात. दहा शेळ्यांना अर्धा तास लागतो.

महिन्यातून एकदा करडांचं वजन. जन्मतः दोन-सव्वादोन किलो, तीन महिन्यांनी दहा-अकरा. म्हणजे दिवसाला शंभर ग्रॅम. साठच्या खाली आलं तर दूध कमी पडतंय किंवा जंत झाले आहेत. हे आकडे बिल्ला नंबरापुढे वहीत लिहा आणि मावशींना वाचून दाखवा, कारण निम्मी वाढ त्यांची आहे.

मधल्या दिवसांत फोटो मागवू नका, फोटोत सगळ्या शेळ्या सारख्याच दिसतात. संध्याकाळी शेळ्या दारातून आत शिरतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मागा. मोजताही येतात आणि चालही दिसते. कॅमेरा चोरीसाठी लावायचा तर लावा, दारावर एक पुरे. बिबट्या किंवा लांडग्यानं शेळी मारली तर ती जागेवरून हलवू नका, ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवा. पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही. विम्याचंही तसंच: मेलेल्या शेळीच्या कानात बिल्ला आणि डॉक्टरांचा शवविच्छेदन अहवाल असल्याशिवाय दावा पुढे सरकत नाही, म्हणून बिल्ला पडला की त्याच आठवड्यात नवा मारून विमा कंपनीला नंबर कळवा.

बोअरचा बोकड घेऊ नका. त्याचा भाव पैदाशीसाठी घेणाऱ्या पुढच्या गिऱ्हाइकावर उभा आहे. ते गिऱ्हाईक थांबलं की खाटीक त्याला किलोनंच मोजतो. संकराच्या करडाला खुराक जास्त लागतो आणि तुमचा कळप तर बांधावर चरणार आहे. उस्मानाबादी बोकड घ्या, जुळ्यातला, आईला दूध चांगलं असलेला, आणि शेळ्या जिथून घेतल्या त्या गावचा नको. दोन वर्षांनी तो बदला, नाहीतर त्याच्याच पाठी त्याला लागतात आणि करडं मरतुकडी होतात. विक्री बकरी ईदवर धरणार असाल तर लक्षात ठेवा, ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि दुधाचे दात पडून दोन दात आलेला, शिंग-कान न मोडलेला बोकड चालतो. म्हणजे त्याचा जन्म आदल्या वर्षीच्या ईदेच्या आधीचा हवा. मागे मोजत जाऊन शेळ्या कधी लावायच्या ते ठरवा.

आणि शेळ्यांच्या आधी चारा. विहिरीचं पाणी मार्चला संपतं, म्हणजे एप्रिल-मे हे दोन महिने झाडपाल्यावर आणि साठवलेल्या भुसकटावर काढायचे आहेत. दहा शेळ्यांना त्या दोन महिन्यांत दिवसाला प्रत्येकी किलोभर तूर किंवा हरभऱ्याचं भुसकट म्हणजे सहाशे किलो, करडांसह नऊशे धरा. हंगामात, सुगीच्या वेळी घेतलं तर निम्म्यात मिळतं. दहा गुंठे लसूणघास, दहा गुंठे नेपियर गवत, आणि चारही बांधांवर शेवरी, हादगा, सुबाभूळ. सुबाभळीचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नका, त्यातल्या मायमोसिन या विषारी द्रव्यामुळे केस गळतात आणि शेळ्या उलटतात, म्हणजे गाभण राहत नाहीत.

पहिलं काम येत्या शनिवारी करता येईल. पाव किलो सुबाभळीचं बी घ्या, चुलीवरून उतरवलेल्या, उकळीच्या थोडं खालच्या (सुमारे ८० अंश) पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवा, मग रात्रभर साध्या पाण्यात. तसंच पेरलं तर वरचं टणक साल फुटत नाही आणि निम्मं बी उगवत नाही. पिशव्यांत लावून पावसाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बांधावर न्या, आणि रोपं गुडघ्याएवढी होईपर्यंत त्या बाजूनं शेळ्या नेऊ नका असं मावशींना सांगा. बाकी बांध त्यांना मोकळा राहू द्या.